न विचारता

सावंतवाडीत मला 'नाचाच्या बाई' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांत निवेदक कागदावरून वाचतो, 'समकालीन नृत्यदिग्दर्शक; नृत्य, बॉडीवर्क आणि क्विअर स्त्रीवाद यांची सांगड घालणाऱ्या...' आणि तो कागद मीच लिहून दिलेला असतो. नाचाच्या बाईंच्या चुका साध्या होत्या. दुसऱ्या बाईंच्या चुका जास्त वाईट, कारण त्या करताना आपण फार पुढचं, फार चांगलं काम करतोय याची तिला पक्की खात्री होती.

बॉडीवर्क हा शब्द इथे पुन्हा पुन्हा येणार, म्हणून थोडं सांगते. शरीराला नवं काही शिकवण्याआधी त्याला लागलेल्या सवयी ओळखायच्या. श्वास कुठे अडतो, उभं राहताना भार कुठल्या पायावर जातो, खांदे कुणाच्या धाकाने वर चढले आहेत, ते बघायचं. फेल्डेनक्राइस, अलेक्झांडर अशा नावांनी त्याच्या पद्धती जगभर चालतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोऱ्या, लाकडी ठोकळे आणि घडी घातलेली ब्लँकेटं वापरून शरीराकडे बघायची जी शिस्त लावली, तीही मी याच कुळात धरते. यांतल्या बहुतेक पद्धतींत शिकवणाऱ्याचा हात शिकणाऱ्याच्या अंगाला लागतो. माझी पहिली चूक त्या हाताची.

मी भरतनाट्यम् शिकले तेव्हा अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर वळले नाहीत की काठी लागायची. स्वतः शिकवायला लागल्यावर मी काठी टाकली, आणि त्याचा मला अभिमान होता. मग बॉडीवर्क शिकून आले आणि काठीची जागा हाताने घेतली. मांडीवर हात, कमरेवर हात, बरगड्यांवर हात. हात ठेवला की मला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. माजगावच्या वाटेवरच्या भाड्याच्या खोलीत माझा वर्ग चालायचा आणि तिथल्या भिंतीवर मी एक मोठं पोस्टर लावलं होतं, 'माझं शरीर, माझा हक्क'. त्या पोस्टरखाली उभ्या असलेल्या एका मुलीचे गुडघे मी दर आठवड्याला धरून वळवत होते. ती यायची बंद झाली. मला वाटलं, दहावीचं वर्ष असेल. बऱ्याच दिवसांनी तिची आई उभ्या बाजारात भेटली, तेव्हा संकोचत म्हणाली, "तिका कोणी हात लावलेलो आवडणा नाय. तुमका सांगूचा धाडस झाला नाय."

पोस्टर मी त्याच संध्याकाळी काढलं. हात मात्र लगेच थांबला असं नाही. सवय होती.

त्या वर्गात मी जमिनीवर लोळायलाही शिकवायची. समकालीन नृत्यात जमीन फार महत्त्वाची. पडायचं कसं, भार सोडायचा कसा, हे सगळं तिथेच शिकतात. एका मुलीच्या आजीने दारात बसून ते बघितलं आणि विचारलं, "सोनुर्लेक लोक फुकट लोळतत, तुमी तेची फी घेतात?" सोनुर्लीच्या माउलीची जत्रा लोटांगणांची. रात्री देवळाभोवती पुरुष जमिनीवर लोटांगणं घालतात आणि बायका उभ्याने. मी लगेच तो धागा पकडला आणि पुढच्या वर्गात बायकांना जमीन का नाकारली जाते यावर मुलींना व्याख्यान दिलं. माझं ते मत आजही बदललेलं नाही. पण त्या आजीने कधी लोटांगण घातलं होतं का, घातलं असेल तर तिला काय वाटलं होतं, हे मी विचारलं नाही. ती दारातच बसली होती.

आता खऱ्या प्रकरणाकडे येते.

माझ्या डोक्यात तेव्हा नृत्यदिग्दर्शक चंद्रलेखा होत्या. माझ्या पिढीच्या कुठल्या नर्तकीच्या डोक्यात नव्हत्या! जन्म १९२८ सालचा, वाड्याचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातला. वाढल्या गुजरातेत आणि काम केलं मद्रासमध्ये. देवदेवतांच्या गोष्टी आणि दागिन्यांचा लखलखाट त्यांनी बाजूला सारला. १९८५ च्या 'अंगिका'मध्ये भरतनाट्यम्, योग आणि कलरिपयट्टू एकत्र आणून त्यांनी पाठीच्या कण्यालाच बोलायला लावलं. २००१ मध्ये 'शरीर' आलं आणि त्या २००६ मध्ये गेल्या. मला वेड लावलं ते १९९८ च्या 'राग'ने. पुरुषांमधल्या स्त्रीत्वाचा तो शोध होता आणि तो नाचणारे पुरुषच होते. मला वाटलं, चंद्रलेखांना जे मद्रासमध्ये घडवावं लागलं ते आमच्याकडे जत्रेजत्रेत आयतं आहे. दशावतार आहे की!

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रांचा मोसम सुरू होतो आणि रात्ररात्र दशावतारी नाटकं होतात. आधी आडदशावतार. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि मालवणीत लोकांची फिरकी घेणारा संकासुर. मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी कथानक ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. मध्ये एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पलंग, तोच रथ. रंगभूषा प्रत्येकाने स्वतःची स्वतः करायची. आणि परंपरेने सगळ्या भूमिका पुरुषांच्या. बायकांची दशावतारी मंडळं आता उभी राहिली आहेत, पण स्त्रीपार्टी म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यांपुढे साडी नेसलेला पुरुषच येतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ चा निकाल लागला. सज्ञान माणसांचा संमतीने झालेला समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या तेव्हा माझ्या अंगात तो निकाल अजून भिनलेला होता. त्यात एका संस्थेचं अनुदानही मिळालं. विषय मीच लिहिला होता: दशावतारातला स्त्रीपार्टी आणि क्विअर शरीर. एका नावाजलेल्या स्त्रीपार्टी कलाकाराला मी गाठलं. ते वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणायची. ते मला बाई. "तालीम म्हंजे काय करूचा?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही काका, तुम्ही नेहमी करता तेच, फक्त हळू."

तालमी मी सकाळी दहाला ठेवल्या. मला सकाळचं शरीर ताजं लागतं, असं मी सगळीकडे सांगते. काका यायचे, चटईवर टेकायचे, आणि मी श्वासाचे व्यायाम सुरू केले की त्यांची मान कलायची, खांदे गळायचे, डोळे जड व्हायचे. माझ्या वहीत नोंदी आहेत: 'छातीचा भाग बंद. स्पर्शाला प्रतिसाद नाही. पुरुषी शरीरातला प्रतिकार?' ती वही मी अजून फेकलेली नाही. माणूस रात्रभर द्रौपदी करून, पहाटे दहीकाला आटपून, टेंपोतून मंडळींबरोबर घरी येऊन, आंघोळ करून माझ्याकडे आला होता. त्याला झोप आली होती. शरीर वाचण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईला समोरच्याची झोप वाचता आली नाही.

पैशांचंही तसंच. दशावतारात नाईटचा हिशोब असतो. मी मात्र अनुदानाच्या अंदाजपत्रकात 'स्थानिक कलाकार मानधन' असा एक आकडा आधीच टाकून ठेवला होता. तो त्यांच्या नाईटच्या तुलनेत कसा दिसतो हे मी पाहिलं नाही. ते काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे चालतंय, हा हिशोब मी त्या काळात फार वेळा केला.

एकदा मी त्यांना साडी आणि टोप नसताना, नुसत्या पायजम्यात, द्रौपदीसारखं चालायला सांगितलं. मला पोशाखाखालचं स्त्रीत्व बघायचं होतं. ते चालले. साधं, थकलेल्या माणसासारखं. मी खट्टू झाले. मग विचारलं, "काका, साडी नेसल्यावर आतून काय वाटतं तुम्हाला? बाई झाल्यावर?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "भूक लागता. तीनाक च्या येता."

मी हे उत्तर वहीत उतरवलंच नाही. ते माझ्या विषयात बसत नव्हतं. आज वाटतं, त्या सबंध मोसमात मला मिळालेली सर्वांत पक्की माहिती तीच होती.

मग कार्यक्रमपत्रिका. प्रयोग एका महानगरात होणार होता. पत्रिकेचा मजकूर इंग्रजीत मी लिहिला. बालगंधर्वांपासून दशावतारापर्यंत एक झोकदार वाक्य टाकलं, चंद्रलेखांचं नाव टाकलं, आणि काकांचा एक फोटो टाकला: अर्धी साडी सुटलेली, टोप काढलेला, ओठांवरचा रंग तसाच. फोटो काढू का, हे मी विचारलं होतं. त्याखाली काय लिहिणार, हे विचारलं नव्हतं. लिहिलं होतं, 'कोकणातलं एक क्विअर शरीर', आणि पुढे त्यांचं संपूर्ण नाव. गावासकट.

आमच्याकडे मोबाईलवर काहीही पोहोचायला वेळ लागत नाही. पत्रिका मंडळाच्या ग्रुपवर आली, मग जत्रेच्या गावांतून फिरली. काहींना कळलं नाही, काहींना कळलं ते चुकीचं कळलं, आणि काहींनी नाटक चालू असताना पेंडॉलच्या मागून शिट्ट्या मारल्या. कुणी त्यांना काढून टाकलं नाही, सुपारी मोडली नाही. मोसम त्यांनी पुरा केला. पण काकांच्या मुलीने 'क्विअर' हा शब्द शोधून बापाला अर्थ सांगितला होता. आपल्या मराठी चित्रपटात गणपत पाटलांनी नाच्या रंगवला आणि त्या भूमिकेचा शिक्का त्यांच्या घरच्यांनाही सोसावा लागला, हे मी वाचलेलं होतं. एका व्याख्यानात सांगितलंही होतं. तरी.

काका तालमीला आले नाहीत, ते घरी आले. सालईवाड्यातल्या आमच्या घरी. आरडाओरडा नाही. ओटीवर बसले आणि म्हणाले, "तुमी लिवलात ता चेडवान माका वाचून दाखवल्यान. माका इचारलात असता तर मी नको म्हटलंय असता. म्हणानच तुमी इचारूक नाय."

मी समजवायला लागले. तो शब्द शिवी नाही, सन्मानाने वापरतात, आता तर कायदाही... ते ऐकत होते. तेवढ्यात माझी जोडीदार चहा घेऊन बाहेर आली. सावंतवाडीत ती माझी मावसबहीण होती. घरमालकीणबाईंना, वर्गातल्या पालकांना आणि काकांनाही मी तेच सांगितलं होतं. काकांनी कप घेतला, तिच्याकडे बघून मान लववली आणि मला म्हणाले, "तुमच्या घरात कोण रवता, कित्याक रवता, ता मी कदी इचारलंय?"

त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. तेही उत्तरासाठी थांबले नाहीत. चहा संपवून गेले.

मी ज्या निकालाच्या जोरावर उड्या मारत होते, तो निकाल एका नृत्यदिग्दर्शकाच्या नावाने ओळखला जातो हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. नवतेजसिंग जोहर विरुद्ध भारत सरकार. जोहर कलाक्षेत्रात शिकलेले भरतनाट्यम् नर्तक आणि योगशिक्षक. नाच, योग आणि देहभान यांची त्यांनी घातलेली सांगड म्हणजे मी आयुष्यभर जे करायला बघते तेच. २०१६ मध्ये त्यांनी, त्यांचे जोडीदार पत्रकार सुनील मेहरा यांनी आणि आणखी तिघांनी याचिका केली. ज्या कलमाखाली त्या वेळी शिक्षा होऊ शकत होती, त्या कलमाविरुद्ध त्यांनी स्वतःचं नाव कागदावर घातलं. मीही एका कागदावर नाव घातलं, ते काकांचं. काका कोण आहेत, कुणावर प्रेम करतात, मला ठाऊक नाही. तो प्रश्न माझा नव्हता. माझ्या घरातल्या ज्या गोष्टीचं उत्तर मला ठाऊक होतं, तिथे मी मावसबहीण लिहून मोकळी झाले होते.

चंद्रलेखांचंही मी अर्धवटच उचललं, हे मग लक्षात आलं. 'राग'मधले पुरुष नर्तक होते. आपण काय करतो आहोत हे त्यांना माहीत होतं. स्त्रीत्व हा तिथे शरीराचा एक गुण होता, कुणाच्या कपाळावरची चिठ्ठी नव्हती.

प्रयोग झाला. काकांचा भाग गाळून मीच बाकड्यावर बसले. टाळ्या पडल्या. नंतरच्या चर्चेत एका मुलाने विचारलं, दशावतारातले कलाकार कुठे आहेत? मी म्हटलं, जत्रेचा मोसम आहे ना. अनुदानाच्या अहवालातही 'कलाकार उपलब्ध होऊ शकले नाहीत' असं लिहिलं. तो अहवाल मंजूर झाला.

सुधारण्याच्या घाईत मी आणखी एक घोळ घातला. काका गेले त्या रात्री मी ठरवून टाकलं की आता लपवाछपवी बंद, उद्याच घरमालकीणबाईंना सांगायचं, वर्गात सांगायचं, आईला फोन करायचा. माझी जोडीदार भांडी घासत होती. ती म्हणाली, "मला विचारलंस?" तिला इथे नोकरी करायची आहे. तिची कारणं आहेत आणि ती तिची आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानेही आमच्यासारख्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही. उद्या घर सोडावं लागलं तर कागदावर आम्ही एकमेकींच्या कोणीच नाही, हेही ती माझ्याआधी बोलून दाखवते. काही जणांना सांगितलं आहे, काहींना नाही. कुणाला, ते दोघींनी ठरवलं.

या सगळ्यात स्त्रीवाद कुठे होता, असं कुणी विचारलं असतं तर मी पत्रिकेतला परिच्छेद दाखवला असता. त्या कामात माझ्याशिवाय एकही बाई नव्हती. काकांच्या घरी मी जायची तेव्हा काकी मला चहा द्यायच्या आणि मी त्यांना 'थँक्यू काकी' म्हणायची; आमचं संभाषण एवढंच. खूप उशिरा, माफी मागायला गेले तेव्हा काका झोपलेले होते आणि काकी अंगणात साड्या वाळत घालत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या बोलल्या आणि मी ऐकलं. मोसमातल्या सगळ्या नऊवाऱ्या त्या धुतात. ओचा कुठे खोवला म्हणजे युद्धाच्या प्रसंगात पाय अडकत नाही, ते त्यांनी शोधून काढलेलं. घामाने काखेत ब्लाउज कुजतो, म्हणून तिथे वेगळं कापड जोडतात, तेही त्यांच्या हातचं. काकांची ती चाल, जिच्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती, तिचा निम्मा भाग या बाईच्या निऱ्यांत होता. पायजम्यात ती कशी दिसणार? मी बोलत उभी राहिले तेव्हा त्यांनी ओल्या साडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "धरा. ताणून." मी पकड चुकीची धरली, तीही त्यांनी सांगून दुरुस्त केली. हात न लावता.

आता वर्गात मी आधी स्वतःच्या शरीरावर दाखवते, मग विचारते, 'हात लावू?' बऱ्याच मुली 'नको' म्हणतात. सुरुवातीला तो नकार मला माझ्या कौशल्याचा अपमान वाटायचा, अगदी खरं सांगायचं तर. गुडघे पूर्वीपेक्षा हळू वळतात, पण वळतात. सोडून गेलेली मुलगी परत आली नाही. काका माझ्याबरोबर पुन्हा काम करणार नाहीत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. रस्त्यात भेटले की बोलतात.

हा लेख छापायला देण्याआधी तिघांना वाचून दाखवला. माझ्या जोडीदाराने दोन वाक्यं काढायला लावली. काकींनी ओच्याचं वाक्य बदलून घेतलं. काकांनी सगळं ऐकून एकच दुरुस्ती सांगितली: चहा तीनला नाही, अडीचला येतो. ते तेव्हा तीन म्हणाले होते, म्हणून वर तसंच ठेवलं आहे.

कार्तिकात जत्रा सुरू होतील. कॅमेरे, वह्या आणि अनुदानं घेऊन आमच्याकडे दर वर्षी बरीच मंडळी येतात, माझ्यासारखीही येतात. त्यांना एवढंच सांगणं आहे. कलाकाराकडे सकाळी जाऊ नका, दुपारी चारनंतर जा. त्यांच्या नाईटचे पैसे आधी विचारा आणि त्याहून कमी देऊ नका. फोटोखाली जे छापणार आहात ते मराठीत करून, शक्य झालं तर मालवणीत, घरच्यांसमोर वाचून दाखवा. आणि ते 'नको' म्हणाले, तर पत्रिका दुसरी छापा. छपाईचा खर्च फार नसतो.